बिशपची खुर्ची

यशपाल पास्टरांना बिशप व्हायचं होतं, आणि बाप्टिस्ट मंडळीत बिशप नसतोच, हे त्यांच्याइतकं हुबळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं: पास्टरनं उपदेश करायचा, मंडळीनं निवडलेल्या डीकननी सेवा करायची, निर्णय मंडळीनं घ्यायचा, आणि वर फक्त प्रभू. पण गोकुळ रोडवर नवीन प्रार्थनागृह निघालं, तिथल्या पास्टरनं स्वतःलाच बिशप करून घेऊन भला मोठा फलक लावला, आणि यशपालांची झोप उडाली.

"मला कशाला असल्या पदव्या?" असं ते डीकन नारायणरावांना इतक्या वेळा म्हणाले, की शेवटी नारायणरावांना कळलंच.

मंडळीची सभा भरली. ज्याच्याविषयी मत घ्यायचं त्यानं बाहेर थांबायचं, हा रिवाज. यशपाल व्हरांड्यात नम्र भाषणाची जुळवाजुळव करत राहिले. आत टाळ्या झाल्या.

"एकमतानं झालं बघा, बिशपसाहेब!" नारायणराव बाहेर येऊन म्हणाले.

यशपाल नम्रपणा विसरले आणि हो म्हणून मोकळे झाले.

"मग पास्टरची जागा रिकामी झाली की. तिथं रोहितला घेतलंय. सेमिनरीतनं धर्मशिक्षण घेऊन आलाय, हुशार आहे."

"आणि रविवारचा उपदेश?"

"बिशपनं दर रविवारी घसा कोरडा करायचा होय? तुम्ही नुसतं बसायचं ओ. नाताळात आशीर्वाद दिला की झालं."

घरी बायकोनं, पद्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आडून आडून मागायला तोंड चालत होतं. आता सरळ नको म्हणायला काय झालं?"

पण मंडळीच्या निर्णयापुढे कुणाचं चालत नाही, हे यशपालांनीच सगळ्यांच्या गळी उतरवलेलं. करतात काय बापडे!

रविवारी त्यांना उंच पाठीची खुर्ची मिळाली. रोहितनं उपदेश केला. वाईट केला असता तर यशपालांना बरं वाटलं असतं. चांगला केला मेल्यानं.

उपासना संपली. रोहित दारात उभा राहून लोकांना निरोप देऊ लागला. म्हातारी लक्कव्वा काठी टेकत पुढं आली. तिच्या गुडघ्यांसाठी यशपाल दर रविवारी प्रार्थना करत. आज तिनं खुर्चीला लांबूनच हात जोडले आणि दाराकडे वळून हाक मारली, "पास्टरअण्णा, गुडघे लई दुखायलेत."

"आलो अक्का," म्हणत यशपाल उठलेसुद्धा. तोवर रोहितनं दारातून येऊन, डोळे मिटून तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.