चंपाबाईच्या भिंतीवरचा नळ

समीक्षाचं डोकं तापलं होतं, आणि का तापू नये? उन्हाळाभर कटंगीकडच्या एका गावात ती घरोघर हिंडली. तिच्याच संस्थेनं बांधलेल्या पाणीयोजनेचं खरोखर काय झालं, हे तपासून गावालाच सांगायचं, हे तिचं काम. वरच्या मोहल्ल्यात नळाला पाणी होतं. खालच्या बौद्ध मोहल्ल्यात नळ बसवल्यापासून ठणठणाट.

जाडजूड अहवाल कोण वाचतो? म्हणून तिनं गावच्या चौकात लावायला व्यंगचित्र काढलं. पहिल्या खेपेला तिनं कोरड्या नळाजवळ खालच्या मोहल्ल्यातली चंपाबाई रडताना दाखवली, तर तिथल्या साऱ्या बाया समीक्षावर तुटून पडल्या. "मी काहून रडू? नळ बसवला त्याले रडू दे," चंपाबाईनं सुनावलं. समीक्षा खजील झाली. मग रडणं गेलं आणि नळाखाली निवांत अंडी उबवणारी कोंबडी आली. बाया हसून हसून लोटपोट झाल्या, तेव्हा कुठं चित्र पास झालं.

संस्थेच्या बालाघाटच्या ऑफिसात तिच्या वरिष्ठांना, हेमराज सरांना, मात्र हसू आलं नाही.

"हे हटव. उद्या भोपाळहून मॅडम येऊन राह्यल्या. पुढच्या योजनेचा पैसा त्याईच्याच हातात हाये."

"पण सर, हे खरं हाये."

"खरं अहवालात राहू दे ना, पान सत्तरवर. चौकात कायले? लावशील तं तुझं काम बंद."

वा रे वा! पान सत्तरवर चिटपाखरूही फिरकत नाही, म्हणूनच तर खऱ्याला तिथं नेऊन बसवायचं. सरांनी चित्र ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स झळकला. त्यात गोरीपान बाई, चकचकीत घागर आणि धो धो पाणी.

समीक्षा तडक खालच्या मोहल्ल्यात गेली. चंपाबाईची भिंत रस्त्यालाच लागून होती, कालच छुई मातीनं पांढरीशुभ्र सारवलेली.

"मावशी, भिंत देता का? माझं काम गेलं तं जाऊ दे."

चंपाबाईनं लगेच गेरूचा वाडगा आणून पुढ्यात ठेवला. "कोंबडी मोठी काढजो," एवढंच म्हणाली.

समीक्षाला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवा. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं. तरी तिनं चित्र पुरं केलं आणि खाली ठळक अक्षरांत स्वतःचं नाव घातलं.

गाडी आली ती थेट भिंतीसमोरच थांबली. मॅडम उतरल्या, कोंबडी पाहून आधी हसल्या, मग तिच्या वरच्या नळाकडे बोट दाखवलं. "ये किसका नल है?"

हेमराज सर धावतच आले. "कुछ नहीं मॅडम, ऐसेही. समीक्षा, पुसून टाक ते."

"मी नाई पुसत, सर. नाव लिहिलं हाये माझं."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. ते पुढं काही बोलणार, तेवढ्यात चंपाबाईच फडकं घेऊन बाहेर आली.

"थांबा सायेब, मी पुसतो. माझीच भिंत हाये." तिनं बादली अंगणातल्या नळाखाली ठेवली आणि बाजूला सरकली. "कोरडं घासलं तं सारी भिंत लाल होईन. फडकं भिजवाले पानी पायजे. तुम्हीच सोडा नळ."

हेमराज सर जागचे हलले नाहीत. शेवटी मॅडमच पुढं झाल्या आणि त्यांनी तोटी पार शेवटपर्यंत फिरवली. सगळे बादलीकडे बघत उभे राहिले.