चावीवाल्याचा लाकडी पाय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्ये दात काढलेले मला खपत नाहीत. मी पाय बोलतोय. डावा, लाकडाचा. गुडघ्याखाली बसतो, चामड्याच्या पट्ट्यांनी मांडीला आवळला जातो आणि खाली बूट घालतो. मला बसून राहणं जमत नाही. खुर्चीच्या पायाला जमतं, पलंगाच्या पायाला जमतं, मला नाही. चालायला केलाय मला.

केला कुणी, तर एका सुतारानं. त्यानं तोवर फक्त पलंगाचे पाय कोरले होते. माझ्या मालकाचा खरा पाय ट्रकखाली गेला, दवाखान्यानं उरलेला थोटका शिवून घरी पाठवलं आणि मालक कुबड्यांवर तडक सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, "मी चार-चार करतो. एकटा पाय कोण करतो?"

मालक म्हणाला, "चार कर. तीन तुला ठेव."

पडक्या घराच्या दाराची चौकट होती, तिच्यातून मला कोरला. म्हणजे कड्या-कुलपं मला जन्माच्या आधीपासून ठाऊक. आणि धनी मिळाला तोही चावीवाला. असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची पेटी. पेटीवर चाव्यांचे घोस, समोर कानस, आणि तो जमिनीवर मांडी घालून. मांडी घालायची तर मी आडवा येतो, म्हणून मला काढून बाजूला उभा करायचा आणि माझ्यावर स्वतःची टोपी ठेवायचा. मी दिवसभर टोपी घालून माणसं बघायचो. माणूस कुलूप लावतो, चार पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो. ज्याच्या घरात चोरण्यासारखं काही नाही तो दोनदा ओढतो. चावी स्वतः हरवायची आणि खेकसायचं चावीवाल्यावर, ही तर सगळ्यांचीच रीत. मालकही काही कमी नव्हता. खेकसणाऱ्याला म्हणायचा, "चावी तुम्ही गिळली नाहीत ना? मग माझ्यावर कशाला ओकताय?"

त्याची एक खोड होती. कुलूप उघडायचा बारीक तारेचा आकडा तो माझ्या खोबणीत, अस्तराच्या आत खोचून ठेवायचा. "पेटी चोरीला जाते," म्हणायचा, "पाय कोण चोरतो?" ही गोष्ट त्यालाच ठाऊक होती. आणि मला.

एकदा कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. घराची चावी हरवली म्हणाला. मालक गेला, कुलूप उघडून दिलं. माणसानं दारातच चपला काढल्या, आत जाऊन पंखा लावला, मालकाला पाणी विचारलं. आपल्या घरात शिरल्यासारखा शिरला. आता यावर शंका कुणी घ्यावी? पण घर त्याचं नव्हतं. कपाट रिकामं करून तो गेला तो गेलाच. सापडला तो चावीवाला.

हवालदार आले तेव्हा मालक कानस घासत होता आणि मी बाजूला टोपी घालून उभा. त्यांनी त्याला दोन्ही बगलांना धरून उचलला आणि जीपमध्ये घातला.

"अरे, माझा पाय राहिला!" तो ओरडला.

हवालदार म्हणाला, "आहे की एक."

जीप गेली. मी उभाच.

बाई आली धावत. बाई म्हणजे मालकाची बायको, लॉन्ड्रीत इस्त्री करते. हातातलं काम टाकून आली होती, पदराला कांजीचे डाग. पेटी शेजारच्या दुकानात ठेवली, आणि कुणीतरी धुवायला टाकून न्यायला विसरलेली एक चादर होती, तिच्यात मला गुंडाळला. रात्री पट्ट्यांना तेल लावलं, बूट पुसला. सकाळी निघालो. चालायचं काम माझं, आणि मलाच काखेत घेऊन ती चालत होती. लाज वाटली. पण करतो काय?

चौकीत सांगितलं, तुरुंगात पाठवला. तुरुंगाच्या खिडकीवर गेलो. आतल्या माणसानं बोट फिरवत नावं बघितली. "नाही."

"अहो, इथेच पाठवला म्हणाले."

"म्हणाले ना? मग त्यांनाच विचारा."

परत चौकी. चौकीवाले म्हणाले, "तिकडेच आहे, नीट बघायला सांगा." परत खिडकी. "नाही म्हटलं ना बाई!" असं चाललं. एक दार म्हणे त्या दाराला जा, ते दार म्हणे या दाराला ये. बाई घरी आली की बसायची नाही. भांडं उचलायची, तिथंच ठेवायची. जेवायला वाढून घ्यायची आणि ताट तसंच झाकायची. माणूस मेला तर कळतं, परगावी गेला तर कळतं. सरकारनं नेला आणि सरकारच म्हणतंय आमच्याकडे नाही, याला काय म्हणायचं? मला तर अंगात वाळवी लागल्यासारखं झालं होतं.

तुरुंगाच्या रांगेत एक म्हातारी असायची. मुलगा सारखा आत-बाहेर, त्यामुळे हिला शिपायांच्या सुट्ट्यासुद्धा पाठ. तिनं माझ्याकडे बोट केलं. "काय गं, काय आहे चादरीत?"

"पाय आहे."

"कुणाचा?"

"नवऱ्याचा."

म्हातारी अशी मागे सरली की रांग हलली. बाईनं चादर उघडून दाखवली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजारी पडला असेल गं तो. आजाऱ्याचं नाव या खिडकीत गावत नाही. दवाखाना मागल्या अंगाला, त्यांचा कारभार निराळा. मागच्या दाराला जा. आणि रडू नको हं तिथं, रडणारीला ते उद्या ये म्हणतात."

मागच्या दारावर एक जाडा शिपाई स्टुलावर बसला होता. बाईनं तोंड उघडायच्या आत त्यानं मला पाहिलं. "अरेच्चा! हा आमच्या टुणटुण्याचा की काय?"

"कोण टुणटुण्या?"

"एका पायाचा आहे तो. बराकीत उड्या मारत फिरायचा, मोरीत घसरला. थोटका फुटला. तेव्हापासून खाटेवर आहे."

बाई होती तिथं खाली बसली. "बरा आहे ना हो?"

"तोंड तर बरं आहे. सकाळपासून सगळ्या दवाखान्याचा उद्धार करतोय."

"मग आमचेच ते," बाई म्हणाली आणि डोळे पुसून उभी राहिली. "भेटवा."

आता ऐका तुरुंगाचं शहाणपण. भेटीला तिथं मुलाखत म्हणतात. मुलाखत जाळीच्या खोलीत, आणि पेशंटनं तिथवर चालत यायचं. खाटेवर मुलाखत नाही.

"चालत कसे येतील? पाय माझ्या काखेत आहे."

"मग पाय द्या त्याला."

"घ्या की."

"असा कसा घेऊ? कैद्याला वस्तू द्यायची ती मुलाखतीतच."

म्हणजे पाय असेल तर भेट, आणि भेट झाली तर पाय. मालकानं जन्मभर पोतंभर कुलपं उघडली, असलं एक पाहिलं नसेल.

बाई दारातून हलली नाही. डॉक्टर स्कूटरवरून आला तशी तिनं हँडलच धरलं. डॉक्टर आधी चिडला. मग मी कोण ते कळल्यावर खूश झाला. माझ्यावर नव्हे, स्वतःवर. "अहो, त्याची जखम कधीच भरलीय! पाय नाही म्हणून बराकीत धाडता येत नाही, माझी खाट अडवून बसलाय. उद्या आणा, मी सांगून ठेवतो."

त्या रात्री बाई घासभर जेवली.

दुसऱ्या दिवशी झडती. जाड्या शिपायानं मला उलटा केला, आपटला, खोबणीत हात घातला, अस्तर ओढलं. आणि टण्णदिशी आकडा फरशीवर पडला. मी काय करणार? मला वाचा असती तर आदल्या रात्रीच बोंब मारली असती.

"चावीवाल्याला आकडा!" शिपाई ओरडला. "तुरुंगात!"

जेलर आला. वाळकासा माणूस, आवाज मात्र भरदार. त्यानं आकडा उजेडात धरून बघितला, मग बाईकडे बघितलं. "हे कुणी सांगितलं आणायला?"

बाई पांढरी पडली होती. पण भीतीनं माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर बाईसारखा होतो. "साहेब, पळणाऱ्याला आधी पाय लागतो, आकडा मागाहून. आणि हा आकडा यात आहे हे मला ठाऊक असतं, तर घरच्या कपाटाची चावी हरवली तेव्हा वर्षभर यांच्या हातापाया पडले असते का? आज उघडतो, उद्या उघडतो. माझी चांगली लुगडी आत राहिली, भावाच्या लग्नाला मी लॉन्ड्रीतलं नेसून गेले!"

शिपाई खाली बघून हसला. जेलर हसला नाही. म्हणाला, "चिरून बघा हा. पोकळ असेल आतून."

बाईनं मला पोटाशी धरला. "आधी मला चिरा."

झटापट व्हायची, तेवढ्यात डॉक्टर आला. म्हणाला, चिरता कशाला, माझं एक्स-रे मशीन आहे. मग मला मशीनखाली निजवला. लाकडाचा पेशंट त्यानं पहिलाच पाहिला असेल. "दोन खिळे," तो म्हणाला, "बाकी आत काही नाही." झालं. माझ्या आत काही नाही हेही मला तिथंच कळलं.

आकडा जेलरनं ठेवून घेतला. निकाल असा दिला की पाय दवाखान्यातच, कपाटात कुलूपबंद राहील. मुलाखतीपुरता काढायचा, मुलाखत संपली की परत आत. लाकूड आहे, कुणाच्या डोक्यात घातलं तर? आणि बाईला म्हणाला, "आजचं सोडून देतो. पण कुलपा-बिलपाचं असं आणखी काही आढळलं ना, तर मी वर लिहीन. मग जामीन विसरा."

कंपाउंडर मला खाटेपाशी घेऊन गेला. मालक वाळला होता. दाढी वाढलेली. मला दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "आलास का, गाढवा?" आणि बराच वेळ बक्कलच लागेना त्याच्या हातून. थोटका बारीक झाला होता, मी सैल बसलो. खोबणीत बँडेज कोंबलं, तेव्हा कुठं उभा राहिला. मग आम्ही चाललो. त्या लांब बोळातून टक् टक् करत. एवढा आवाज मी मुद्दाम केला. पलीकडे बाईला ऐकू जावा म्हणून.

जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. मग मालक म्हणतो काय, "पट्ट्यांना तेल कुणी लावलं?"

"मी."

"खायचं तेल लावलंस. चामडं सडतं त्यानं."

"तेलाची तपासणी करायला आले नाही मी. जेवता का नीट?"

"जेवतो." त्यानं जाळीत बोटं घातली. "लोक काय म्हणतात गं? चोर म्हणतात?"

"काही म्हणतात."

"आणि तू?"

"मी?" बाई म्हणाली. "ज्याला घरचं कपाट उघडायला वेळ नाही, तो लोकांची फोडत फिरणार होय?"

मालक हसला. हसता हसता त्याचं नाक वाहायला लागलं, आणि पुसायला हात जाळीतून निघेना, कारण तो तिनं धरून ठेवला होता. शिपायानं "चला, वेळ संपली" म्हणून काठी आपटली तरी धरून होती.

मालक काही बराकीत गेला नाही. बराकीला पायऱ्या, आणि मला तिथं मज्जाव. त्यामुळे खाट अडलेलीच आहे, डॉक्टर धुमसतोय. मी कपाटात. आजूबाजूला कापूस, बाटल्या, एक फुटकं तसराळं. बाहेर आणि एक किरकोळ कुलूप, मालकानं केसाच्या आकड्यानं शिंकेसरशी उघडलं असतं असलं. पण समोरच्या खाटेवरून तो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून निजतो.

परवा कंपाउंडर घाईत होता. कुलूप कडीत अडकवलं आणि दाबायचं विसरून गेला. मुलाखतीचा वार नव्हता. दुपारी मालक उठला, खाटांचे कठडे धरत, टुण टुण करत कपाटापाशी आला. आतून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. ने रे बाबा, म्हटलं, दारापर्यंत तरी ने, लाकूड आंबलं माझं. शेजारचा खोकल्याचा पेशंट म्हणाला, "उघडंच आहे की. घे पाय, मार चक्कर. कोण विचारतंय?"

"उघडं दिसलं म्हणून माझं झालं काय?" मालक खेकसला. कुलूप त्यानं मुठीत धरलं. धरूनच राहिला. मग दाबलं. खट्.

एकदा ओढून बघितलं, आणि टुण टुण करत परत गेला.

मला राग आला होता. अजून थोडा आहे. पण बाई, तुला सांगतो, तो चोर नाही हे मी कोर्टात सांगितलं असतं. लाकडाला तिथं कोण विचारतो? तेव्हा तू तेवढं कर. मुलाखतीचा वार चुकवू नकोस. लॉन्ड्रीत काम फार आहे, डोकं दुखतंय, असली कारणं मला सांगू नकोस. तू आलीस तरच हे कुलूप निघतं, आणि तेवढाच तो माणसासारखा दोन पायांवर चालतो.

आणि तुम्ही, वाचणारे. तुमचं कुणी आत असेल तर जा. पुढच्या खिडकीत नाव नाही म्हणाले तर मागच्या दाराला जा. लाजू नका, खाली मान घालू नका, जा. आत कुणीतरी कान देऊन पडलेलं असतं.

बोळात चपला वाजतायत. तिच्या नसतील. पण मी बूट घालूनच आहे.