बिडाची पट्टी

बाळासो सुतारांनी रॉकेटचं नाक शिवणीच्या लाकडात घडवलं. एरवी हे त्यांचं दोन संध्याकाळचं काम. या वेळी महिना लागला. पोटाच्या कॅन्सरवरचे उपचार डॉक्टरांनी दिवाळीनंतर थांबवले होते आणि बाळासोंना फार वेळ बसवत नव्हतं. हे रॉकेट उडालेलं बघायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. बायको बनाबाईंनी त्यासाठी फेब्रुवारीतला एक रविवार धरून ठेवला होता. पुढच्या रविवारचा भरवसा घरात कुणी देत नव्हतं.

बाळासो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. जो भाग बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, करायचा त्याचा आधी लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. त्यावरून वाळूचा साचा उठतो. फौंड्रीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. नसरीन मुजावर त्यांच्या हाताखाली शिकली आणि पुढं त्याच फौंड्रीत तपासणी विभागात गेली. रॉकेटचा नाद तिचा. निवृत्त झालेल्या मिस्त्रींना तिनं तो लावला. तिसरे हंबीरराव, शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान असलेले. गारगोटीजवळ बनाबाईंचे भाऊ आकाराम यांचं रान होतं. ऊस तुटून गेला की त्या मोकळ्या रानात हे तिघं रॉकेटं उडवत.

त्या रविवारी सगळे सकाळी लवकर पोचले. ऊन तापलं की वरच्या पठारावरून वारा उतरतो, त्याच्या आत उडवायला हवं होतं. आकारामांनी आंब्याखाली खुर्ची टाकून ठेवली होती. बाळासोंना दोघांनी धरून तिच्यावर बसवलं.

"मिस्त्री, नाक आणलंय न्हवं?" हंबीररावांनी विचारलं.

"माझं हाय तोंडावर. तुझ्या रॉकेटचं फडक्यात हाय."

"तोंडावरचं बसवू नगा, लई जड हाय ते."

बनाबाईसुद्धा हसल्या.

रॉकेट पुरुषभर उंचीचं होतं. त्याची नळी हंबीररावांनी इचलकरंजीतून आणली होती. कापडाचा तागा गुंडाळतात ती, जाड पुठ्ठ्याची. मोटर तयार मागवलेली. रॉकेट वर जाऊन थांबलं की मोटरीतली थोडी दारू उलट्या दिशेनं पेटते, त्या दाबानं नाक निघतं आणि आत घडी घातलेली छत्री बाहेर पडते. नाक निघालं नाही तर छत्री नाही. मग ते सरळ जमिनीकडं येतं. शेजारच्या रानात पाच-सहा बायका खुरपी घेऊन भांगलत होत्या आणि पलीकडच्या रस्त्यानं गारगोटीच्या मोटरसायकली चालल्या होत्या.

म्हणून बाळासोंनीच एक नियम घातला होता. रॉकेट ज्याचं, त्यानं ते तपासायचं नाही. तपासणारा दुसरा, आणि रॉकेट उडवायच्या बटणाच्या पेटीची किल्ली त्याच्याच गळ्यात. किल्ली लावल्याशिवाय बटण चालत नसे. त्या दिवशी किल्ली नसरीनकडं होती.

नळी आणि नाक पहिल्यांदाच एकत्र येत होती. नसरीननं गाडीच्या डिकीपाशी नाक नळीत बसवलं. बसवताना जोर लागला. मग नेहमीसारखं नाकाला धरून रॉकेट उचललं आणि हलवलं. नीट बसलेलं नाक दोन हिसक्यांत सुटतं. हे सुटलं नाही. हंबीररावांनी नळी धरली, तिनं पिळून ओढलं, तेव्हा कुठं निघालं. कॅलिपर लावला. नळीत जाणारा गळा पाऊण मिलिमीटरनं जाड होता.

पाऊण मिलिमीटर म्हणजे काय, हे तिला लगेच कळलं. बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात आणि पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर शंभरात एकानं मोठा. साधी पट्टी आणि बिडाची पट्टी दिसायला सारख्याच, फरक फक्त कोपऱ्यात कोरलेला. मिस्त्रींनी नाक बिडाच्या पट्टीनं मापलं होतं.

"पेपर मार की," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले. "धा मिनटाचं काम. त्यांना काय कळतंय हितनं?"

नसरीननं डिकीतून पॉलिश पेपर काढला, फाडला. तोवर बनाबाई जवळ आल्या होत्या. त्यांनी नाक बघितलं, पेपर बघितला.

"चुकलंय व्हय?"

"मोठं झालंय, काकी. थोडंच."

"मग कर बारीक. त्यांना सांगू नगं. त्यांचा एक पॅटर्न कवा परत आला न्हाय. आता जाताजाता सांगतीस व्हय?"

पॅटर्न शॉपमध्ये एक रीत होती. चूक निघून परत आलेला पॅटर्न ज्याचा असेल त्याच्याच हातात जायचा. दुसऱ्यानं त्याला कानस लावायची नाही. नवीन असताना नसरीननं एकदा दुसऱ्याच्या पॅटर्नची कड परस्पर घासून सरळ केली होती. तेव्हा मिस्त्री तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. ती नाक आणि पेपर घेऊन आंब्याकडं निघाली.

"नसरीन," बनाबाई मागून म्हणाल्या. तिनं वळून बघितलं नाही.

"मिस्त्री, गळा धरतोय. पाऊण."

बाळासोंनी नाक घेतलं. गळ्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं. नळी मागितली, स्वतः बसवून बघितलं. जोर पुरला नाही. नाक अर्ध्यातच थांबलं.

"बिडाची पट्टी घेतली मी," ते म्हणाले.

आकाराम उगाच लांब जाऊन कुठलीशी गाठ आवळू लागले.

"दोन्ही एका पिशवीत असत्यात," बनाबाई म्हणाल्या. "मीच काढून दिली आसंल."

"गप बस. पट्टी वाचाय मला येतंय." त्यांनी हात पुढं केला. "पेपर."

"मी मारू का? वारं यायच्या आत हुईल."

"तुझं काम हाय हे?"

तिनं पेपर दिला.

ते घासू लागले. पाच-सहा हात मारायचे, थांबायचे, डोळे मिटून बसायचे. पुन्हा पाच-सहा. एका बाजूला जास्त घासलं तर गळा वाकडा होईल म्हणून दर वेळी नाक थोडं फिरवत होते. बनाबाईंनी मध्येच औषध दिलं, ते एका हातानं घेतलं. आकारामांनी चहा आणला, तो निवला. हंबीररावांनी वारा बघायला काठीला फडक्याची पट्टी बांधली होती. ती आधी खाली लोंबत होती. मग टोक हलायला लागलं. नसरीन तिकडं बघत होती, बनाबाई नसरीनकडं बघत होत्या.

शेवटी बाळासोंनी नाक बसवलं, हंबीररावांना रॉकेट उचलायला लावलं आणि स्वतः नाकाला धरून दोन हिसके दिले. नळी अलगद सुटली.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले.

तोवर फडकं आडवं झालं होतं. या वाऱ्यात रॉकेट रस्त्याकडं वाकणार हे तिघांनाही दिसत होतं. "जरा थांबू, पडंल," हंबीरराव म्हणाले. थांबले. शेजारच्या रानातल्या बायका भाकरी खाऊन पुन्हा कामाला लागल्या. वारा पडला नाही. बाळासो खुर्चीत एका अंगावर कलले होते.

"एवढं वारं चालतंय का गं?" त्यांनी विचारलं. एवढ्या वाऱ्यात उडवायचं नाही, हा नियमही त्यांचाच होता. तरी विचारलं.

"न्हाय चालत, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "चला."

बाळासोंना गाडीत बसवल्यावर बनाबाई नसरीनपाशी आल्या.

"तू केलं आसतंस तर उडलं आसतं."

"व्हय, काकी."

"मग?"

नसरीननं गळ्यातली किल्ली काढून डिकीत ठेवली. परतीच्या वाटेवर बनाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. रॉकेट आकारामांच्या माळ्यावर ठेवलं होतं, पुढच्या रविवारसाठी.

बाळासो त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी गेले. तो रविवार तसाच गेला. तेराव्यानंतर नसरीन आणि हंबीरराव गारगोटीला गेले. बनाबाईंना बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत.

सकाळी वारा नव्हता. नसरीननं किल्ली लावली, आकारामांनी मोठ्यानं उलटे आकडे मोजले. रॉकेट सरळ गेलं. आंब्याच्या वर, मग डोळे बारीक करावे लागतील इतकं वर. तिथं क्षणभर थांबल्यासारखं झालं, बारीक धूर दिसला, नाक सुटलं आणि केशरी छत्री उघडली. सावकाश खाली येत ते कापलेल्या उसाच्या खोडव्यात उतरलं. हंबीरराव आणायला पळाले.

नसरीननं तिथूनच फोन लावला. बऱ्याच वेळानं बनाबाईंनी उचलला.

"उडलं, काकी."

"छत्री?"

"उघडली. नाक बरोबर सुटलं."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"मग दिसलं आसतं की गं त्यांना," बनाबाई म्हणाल्या. "डोळं चांगलं हुतं त्यांचं."