पिवळ्या पिठाचं गाव

सारजानं उकळत्या पाण्यात मक्याच्या भरड पिठाची मूठ सोडली आणि लाकडी चाटू महिपतीच्या हातात दिला.

"ढवळा, भावजी. तुमीच बघितलंय ते. मला काय ठावं?"

नवऱ्याला चुलीपुढं बसलेला बघून सिंधुबाई उंबऱ्यातच अवघडून उभी राहिली. सारजा काही तिच्या नात्यागोत्यातली नव्हती. सकाळच्या मोटारीनं कळंबहून कोऱ्हाळ्याला आली, पिठाची गठडी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "आज चूल माझ्या हाती द्या, बाई."

सारजाचा नवरा भिमा आणि महिपती एकाच पलटणीत होते. इटलीच्या लढाईवरून महिपती परतला, भिमा तिकडंच राहिला. त्यानंतर आजवर महिपतीनं कळंबची वाट कधी धरली नव्हती. मागच्या बाजाराला इंदापुरात सारजानं त्याला गाठलंच, तेव्हा तो गडबडून एवढंच बोलला, "भिमाला तिकडचं मक्याचं लई आवडायचं, वहिनी," आणि गर्दीत दिसेनासा झाला. सारजानं त्याच बाजारात मका घेतला आणि घरी येऊन जात्यावर भरडला.

"मरण कसं आलं ते न्हाय इचारत," ती आता म्हणाली. "कुठं ऱ्हात हुते, काय खात हुते, तेवढं सांगा. त्या गावाच्या वेशीपास्नं सांगा. मला आत न्या."

महिपतीनं घसा खाकरला. चाटू फिरू लागला.

"डोंगरावरचं गाव, वहिनी. समदं दगडी. कवाच्या काळचं, कुणाला ठावं न्हाय. वेशीतनं आत गेलं की उजव्या अंगाला भट्टी. आख्ख्या गावाला एकच. बाया घरनं पीठ मळून आणायच्या आन आपला पाव वळखू यावा म्हणून त्यावर खूण करायच्या."

"मग म्होरं?"

"म्होरं गल्ली. समोरनं माणूस आला की आपुन भिताडाला चिकटायचं. तितं एका दुकानात मेंढीच्या दुधाचं गोळं टांगलेलं, मिठात मुरवल्यालं. पयल्या दिशी भिमानं नाक धरलं. मग मातूर रोज तितंच उभा."

सारजा हसली. सिंधुबाईनंही उंबरा सोडला आणि ती चुलीजवळ येऊन टेकली.

"गल्ली संपली की चौक. चौकात एक म्हातारी निखाऱ्यावर फळं भाजायची, शिंगाड्यावानी गोड. थंडी अशी, की भिमा ती खिशात घालून हात शेकायचा. चौकाच्या वर दगडी पायऱ्या, आन पायऱ्यांच्या टोकाला आमाला उतरवलेलं घर."

पीठ घट्ट होऊ लागलं होतं, बुडबुडे फुटत होते. सारजानं चाटू आपल्याकडं घेतला.

"असं न्हवं, वहिनी. एकाच अंगानं फिरवायचा. भिमाचा हात थांबला की आसुंता चापट मारायची त्याच्या..."

महिपतीनं जीभ चावली. चुलीत लाकूड तडकलं. सिंधुबाईनं पदर तोंडाशी नेला.

सारजाचा हात थांबला नाही. तिनं चाटू एकाच अंगानं फिरवत ठेवला.

"त्या घरची पोरगी?"

"व्हय." महिपतीची मान खाली गेली. "लढाई सरली की तितंच ऱ्हातो म्हणला हुता. म्हणून आलो न्हाय मी कळंबला. कुठल्या तोंडानं येणार?"

सारजानं भांडं उतरवलं.

"हे वाढत्यात कशात?"

"ताटं न्हाईत. फळीवर वतायचं. भवती बसून ज्येनं त्येनं आपल्या बाजूनं खायाचं."

सिंधुबाईनं पाट धुऊन आणला. सारजानं त्यावर पीठ ओतलं. पिवळा, वाफाळता थर पाटभर पसरला. तिनं चाटूनं त्याची कडा सारखी केली. मग तिनं विचारलं, "शेवटी ती जवळ हुती?"

"भट्टीवरनं पाव आणाया गेला हुता भिमा. गल्लीत तोफेचा गोळा पडला. आमी पोचायच्या आदी ती पोचली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कुणाला हात लावू देईना."

"रडली?"

"लई. समद्या गावाला ऐकू जात हुतं."

सारजानं पदरानं कपाळ पुसलं. डोळे कोरडेच होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "सांगावा येईस्तोवर मी हितं खुरपत हुते, बायांसंगं गाणी म्हणत हुते. त्या दिशी कुणीतरी रडाया पायजेच हुतं."

दारात कोंबड्या पायांनी माती उकरत होत्या.

"नाव काय म्हणलात तिचं?"

"आसुंता."

"आसुंदा."

"दा न्हाय, वहिनी. ता."

सारजानं पुन्हा म्हणून बघितलं, जीभ अडखळली. ती थांबली, ओठ ओले केले आणि परत म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. महिपतीनं मान डोलावली.

मग तिनं आपल्या बाजूचा घास उचलला, त्यावर फुंकर मारली आणि सिंधुबाईला पाटाच्या पलीकडच्या अंगाला जागा दाखवली.