शटरखालची खुर्ची

मी बोलतेय, अर्सेलियामावशींची पांढरी प्लास्टिकची खुर्ची. पांढरी आपली म्हणायला. आमच्या नेइवा शहराच्या उन्हानं मी केव्हाच पिवळी पडलेय.

साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, समारंभांत मिरवेन. मिरवलेही. मावशींच्या लेकीच्या, नुबियाच्या पंधराव्या वाढदिवसाला माझ्या पाठीला गुलाबी रिबीन होती. पुढे त्याच नुबियाला फिट्स येऊ लागल्या आणि माझी रवानगी झाली सरकारी औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत.

आमच्याकडे रांगेत खुर्ची ठेवली की नंबर पक्का. मावशी पहाटे मला ठेवतात, घरी जाऊन नुबियाला भरवतात, मग परत येतात. रांग सरकली की मागचा माणूस मला उचलून पुढे ठेवतो. माझी जागा आजवर कुणी घेतली नाही.

खिडकीचं मात्र एकच पालुपद, "गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात बघा." एकदा खिडकीतलीच बाई म्हणाली, "तुतेला करा ना मावशी. सगळे करतात."

तुतेला म्हणजे हक्कासाठी थेट न्यायाधीशाकडे दाद. वकील लागत नाही, संविधानानंच तशी सोय केलीय. पण मला सांगा, औषध हा हक्क आहे हे खिडकीलाही ठाऊक, मग मुकाट्यानं देऊन का टाकत नाही? प्रत्येकानं कोर्टात जाऊनच यायचं?

मावशी गेल्या आणि जिंकल्याही. अठ्ठेचाळीस तासांत औषध द्या, असा हुकूम झाला. त्या दिवशी घरी कोंबडीचा रस्सा शिजला. मावशींनी मला अंगणात पुसून काढलं. "आता तुला सुट्टी गं," म्हणाल्या.

कसली सुट्टी अन् कसलं काय. खिडकीतल्या बाईनं हुकूम वाचून परत दिला. "बरोबर आहे मावशी. पण गोळ्याच नाहीत."

काल नुबिया फिट येऊन शेगडीवर पडली. हात भाजला.

आज जेवणाच्या सुट्टीला दाराचं शटर खाली यायला लागलं, तशी मावशींनी मला उचललं, बरोबर त्याखाली मांडलं आणि बसल्या.

"उठा मावशी," पहारेकरी एदिल्सन म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"माझी लेक जाईल."

"अहो, हे बेकायदा आहे."

मागे रांगेतला रामिरो, म्हातारा ट्रकवाला, हसला. "वा रे वा. कायदा आठवला का आज? आम्ही कधीपासून वाट बघतोय."

पण नुबिया घरी एकटी. किती वेळ बसणार? मावशी उठल्या. "माझी जागा बघा रे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

एदिल्सननं शटर सोडलं. ते माझ्या पाठीवर येऊन अडलंय. माझा एक पाय तडकलाय, खोटं कशाला बोलू, दुखतंय. तो मला ओढायला वाकला, तर रामिरोनं माझा हात धरला. मागच्या बाईनं दुसरा. कुठल्या न्यायाधीशानं त्यांना सांगितलं नव्हतं.

खिडकीतल्या बाई, ऐकताय ना? मला इथं हौस नाही. नुबियाच्या गोळ्या आणून ठेवा, मी बाजूला होते.