हेळव्याच्या वहीतला यल्लाप्पा

उचगावच्या यल्लाप्पाला वैरी शोधायला लांब जावं लागत नव्हतं. भावकीतला परशराम शेजारीच राहत होता. बेंदराच्या सणाला वेशीत बांधलेली पिंपळपानांची दोरी, म्हणजे कर, पहिल्यांदा कुणाच्या बैलानं तोडायची, यावरनं दोघांची बारा वर्षं जुंपलेली. मान थोरल्या घराचा. पण थोरलं घर कुठलं? दोघांचा पणजा भरमा कंपनी सरकारच्या काळात नांगर हाणून गेलेला. त्याच्या दोन पोरांत मोठा कोण, हे सांगायला आता म्हातारं माणूस उरलं नव्हतं.

म्हणून एकोणीसशे सव्वीस साली, सुगी सरल्यावर, पंधरा-वीस वर्षांनी बैलावर बसून हेळवी गावात आला तसा यल्लाप्पा पटका सावरत धावला. हेळव्याचं कामच ते. घराघराच्या पिढ्या वहीत लिहायच्या, दर खेपेला वाचून दाखवायच्या, जोंधळे घ्यायचे आणि पुढच्या गावाला जायचं.

पारावर वही उघडली. गाव गोळा झालं.

"भरमा," हेळव्यानं सूर लावला, "त्येला दोन ल्योक. थोरला आण्णाप्पा, धाकटा शामू."

आण्णाप्पा यल्लाप्पाचा आजा! त्यानं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस काय रं परशराम? का कान बी इकलास?"

हेळव्यानं पान उलटलं. "आण्णाप्पा निर्वंश. घर बंद."

"आँ? आरं मग मी कोण? पिंपळावरनं पडलो व्हय?"

मग उलगडा झाला. यल्लाप्पाचा बाप म्हणजे महाचिक्कट. आजा गेल्यावर हेळव्याचा बाप दारात आला, तेव्हा जोंधळे द्यावे लागतील म्हणून या पठ्ठ्यानं "आण्णाप्पाच्या मागं कोण न्हाई" असं स्वतःच सांगून दार लावलं होतं. हेळव्याच्या बापानंही बिचाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं.

गाव पोट धरून हसलं. यल्लाप्पाची बायको शालूबाई पदर खोचून पुढं आली. "म्हंजे तीस वरीस भाकरी कुणाला घातल्या मी?"

"नाव घालता येतंय," हेळवी म्हणाला. "पर भरमाच्या दुसऱ्या घरानं म्हणाय पायजे, ह्यो आमचाच म्हणून."

दुसरं घर म्हणजे परशराम. परशराम नुसता गप्प बसला तरी मान कायमचा त्याचा. मान गेला तर गेला मेला, पण भरमाच्या खाली आपलं नावच नसावं? आपल्या पोरांचंही? पन्नाशीच्या त्या आडदांड गड्याला सगळ्यांदेखत रडू यायला लागलं.

परशरामानं निपाणीची तंबाखू सावकाश मळली. चिमूट तोंडात सोडली. यल्लाप्पाकडं खालवर बघितलं.

"लिव्हा," तो म्हणाला. "ह्यो आमचाच. थोरला हाय. लिव्हा लवकर, न्हाईतर मी भांडू कुणासंगं?"

यल्लाप्पानं तोंड उघडलं, पण बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याला एकही शिवी आठवेना.