दोन हात भगवा रंग

आमच्या बाबांचे कान गिरणीच्या साचेखात्यात गेले. सबंध जन्म मागांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार? शेजारी उभं राहून हाक मारली तरी त्यांना पत्ता नसायचा.

आणि मी, त्यांची एकुलती एक लेक, गाणारी! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी गिरण्यांच्या दारादारांत घसा फाडून गाणी म्हटली. बाबा प्रत्येक सभेला पुढे बसायचे, मान डोलवायचे आणि माझं गाणं संपल्यावरही डोलवत राहायचे. माझा एक शब्द त्यांच्या कानात गेलेला नव्हता. एकदा मात्र एका पुढाऱ्याचं भाषण कर्ण्यावरून त्यांना स्वच्छ ऐकू आलं. तेव्हापासून मी एकच धोशा लावला होता, मला एकदा कर्ण्यावर गाऊ द्या.

महाराष्ट्र झाला त्या एक मेच्या संध्याकाळी, घोडपदेवला आमच्या चाळीच्या पटांगणात तो योग आला. बाबांची खुर्ची मी कर्ण्याच्या अगदी खाली मांडली. कर्ण्याला वीज द्यायला जनरेटर होता आणि जनरेटर आमच्या ह्यांच्या ताब्यात होता. लोक ह्यांना कोंडीराम वायरमन म्हणतात. मी नाव घेत नाही, पण त्या दिवशी चारचौघांत नाव घेऊन ओरडायची वेळ आणली होती त्यांनी.

झालं असं, की दसऱ्याला आपण हत्यारं पुसतो, पुजतो. ह्यांना वाटलं, आजचा दिवस दसऱ्याहून मोठा. म्हणून आदल्या दिवशी जनरेटरच्या डिझेल इंजिनाचे सुटतील तेवढे भाग सोडवले, घासले आणि एकेकाला भगवा ऑइलपेंट दिला, तोही दोन हात. सकाळी सगळं परत जोडलं आणि वर झेंडूचा हार घातला.

"एकदा चालवून तर बघा," मी म्हटलं.

"नारळ फुटायच्या आधी?" हे असे बघायला लागले, जशी काही मी लग्नाआधी बारसं करायला सांगत होते.

संध्याकाळी नारळ फुटला. ह्यांनी चावी फिरवली. स्टार्टर घुर्रघुर्र फिरला, पण इंजिन पेट घेईना. परत फिरवली, परत तेच. पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि सगळ्यांच्या नजरा ह्यांच्यावर. बाबा तेवढे खुशीत मान डोलवत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

टाकी काठोकाठ भरलेली होती. ह्यांनी इंजेक्टरकडे जाणारी नळी ढिली केली, तर थेंब नाही. "डिझेल पुढे येतच नाही गं. कॉइल वाट उघडत नाहीये."

ती कॉइल मला ठाऊक होती. चावी फिरवली की बॅटरीचा करंट तिच्यात जातो, आतला दांडा ओढला जातो आणि डिझेलची वाट उघडते. करंट तुटला की स्प्रिंग वाट बंद करते. वाट उघडताना टक् असा आवाज येतो. आज तो आलाच नव्हता.

ह्यांनी टेस्ट लॅम्प काढला. एक वायर कॉइलच्या टर्मिनलला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा लख्ख पेटला आणि ह्यांचा चेहरा पडला. "करंट कॉइलपर्यंत येतोय आणि कॉइल ढिम्म. जळली असणार." नवी आणायची तर त्या दिवशी सगळी दुकानं बंद.

मला रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू, महाराष्ट्र मिळाल्याचा आनंद घटकाभर कुठल्या कुठे पळाला. बाबा थकले होते. असा कर्णा, अशी संध्याकाळ पुन्हा कधी यायची? रडता रडता मी ह्यांच्यावरच डाफरले, "जळलीय तर जळका वास कुठाय? मला तर नुसता तुमच्या पेंटचा वास येतोय!"

हे पुन्हा इंजिनावर वाकले. कॉइल जिच्यावर बसवली होती, ती लोखंडी पट्टी त्यांनी बोटाने चाचपली आणि कपाळावर हात मारला. कॉइलला परतीची वेगळी वायर नव्हती. करंट तिच्या अंगातून, त्या पट्टीतून, इंजिनाच्या लोखंडातून बॅटरीकडे परतायचा. त्या पट्टीला, वॉशरांना, बोल्टच्या आट्यांनासुद्धा ह्यांनी मायेने दोन हात रंग दिला होता!

कॉइलच्या अंगावरचा रंग नखभर खरवडून ह्यांनी तिथे वायरचं टोक टेकवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. टक्!

"अर्थिंगच नव्हतं गं!" हे नाचायचेच बाकी होते. पण पट्टी सोडवून चाकू हातात घेतला आणि घुटमळले. "आजच्या दिवशी भगवा खरवडायचा?"

"आणा इकडे," म्हणत मी चाकू हिसकावला आणि पट्टी, बोल्ट, वॉशर खरवडून लोखंड पांढरं केलं. ह्यांनी सगळं आवळून बसवलं, चावी फिरवली. टक्, घुर्र आणि धडधडधड! दिवे लागले, शिट्ट्या पडल्या, ढोलवाले विनाकारण वाजवायला लागले.

लुगड्यावर रंगाचा भुगा घेऊन मी तशीच माइकपुढे उभी राहिले आणि पहिली ओळ उचलली. माझाच आवाज माझ्या अंगावर धावून आला. मी बाबांकडेच बघत होते. त्यांची मान डोलायची थांबली. त्यांनी वर कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भर सभेत खुर्चीवरून उठून ओरडले,

"गो कौसल्या, इतक्या बोंबलतंस कित्याक? मी काय बहिरो आसंय?"

पटांगण हसून लोटपोट झालं. मी हसत होते, डोळे वाहत होते, आणि पुढची ओळ मी मुद्दाम आणखी वरच्या पट्टीत घेतली.